बिनपगारी

गुरुवारी दुकानात कान टोचायचे असत, आणि गुरुवार उजाडूच नये असं ज्योतीला वाटायचं.

दुकान जळगावच्या सराफ बाजारातलं, तीन मजली, काचेच्या दाराचं, आत शिरलं की डोळे दिपावेत असं. तळमजल्यावर एका कोपऱ्यात म्हातारे सोनारकाका पाटावर बसत आणि आयाबाया आपली लेकरं घेऊन रांगेत उभ्या राहत. तार कानातून जाईपर्यंत लेकराला काही कळत नाही. कळलं की ते आधी आईकडे बघतं आणि मग टाहो फोडतं. समोरच्याच काउंटरवर ज्योती गिऱ्हाइकांना मंगळसूत्रं दाखवत उभी असे. परक्या लेकराचा टाहो कानावर पडायचा आणि तिच्या छातीत कळ येऊन पोलकं ओलं व्हायचं. लेकरू कुणाचं आहे ते पान्ह्याला थोडंच कळतं.

लताबाई त्याच काउंटरवरच्या, वयानं मोठ्या. त्या मंगळसूत्रांचा ट्रे आपल्याकडे ओढून घेत आणि मानेनंच मागच्या दाराकडे खूण करत. लेकरू सव्वा वर्षाचं होईपर्यंत आईला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुट्टी द्यावी असा कायदा आहे, आणि दुकान कायद्याला धरून होतं. फक्त जिला पाजायचं ती लेक, प्राची, धुळ्याला होती, आजीजवळ. ज्योती बाथरूममध्ये जाई, आधी नळ सोडी आणि मग बेसिनवर वाकून दूध पिळून टाकी. नळ आधी सोडायचा, कारण पांढरी धार नुसती वाहून जाताना तिला बघवत नसे. पिळलं नाही तर ठणका लागे, आणि आटून जाईल ही भीती वेगळीच. आटलं तर बुधवारी लेकीला काय पाजणार?

बुधवार म्हणजे तिची आठवड्याची सुट्टी. सकाळची पहिली गाडी धरायची, एरंडोल, पारोळा करत धुळ्याला उतरायचं, दिवसभर लेकीला छातीशी धरायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत फिरायचं. नवरा, ललित, केळीच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला होता. आज रावेर, उद्या सावदा, आणि गाड्या भरून होतील तेव्हा घरी. सासू लग्नाआधीच वारलेल्या, सासरे भडगावला थोरल्या दिरांकडे. जळगावच्या त्या दोन खोल्यांत लेकराकडे बघायला भिंतींशिवाय कुणी नव्हतं. कायद्यानं पाळणाघर काढायचं तर दुकानात पन्नास माणसं तरी लागतात, तेवढी इथं नव्हती. म्हणून रजा संपली तशी प्राची धुळ्याला राहिली आणि ज्योती एकटी जळगावला आली.

आणि वर सगळे तिलाच भाग्यवान म्हणत. सव्वीस आठवडे पगारी रजा, खासगी नोकरीत कुणाला मिळते? खोटं नव्हतं ते. पण लोकांना सव्वीस हा आकडा दिसतो, त्याच्या वाटण्या कशा झाल्या ते दिसत नाही. आपल्याकडे पहिलटकरणीला सातव्यात माहेरी न्यायची रीत. ताईबाईंनी, म्हणजे ज्योतीच्या आईनं, ओटी भरून झाल्यावर लेकीला एक दिवस जास्त जळगावात ठेवलं नाही. बाळंतपणाआधी आठ आठवड्यांपर्यंत रजा घेता येते, ती ज्योतीनं सगळी घेऊन टाकली. मनसोक्त निजली, लोणच्याच्या कैऱ्या फोडल्या, शेजारणींकडून कौतुक करून घेतलं. हे दिवस सव्वीसातूनच जात आहेत हे तिला ठाऊक होतं. पण लेकरू पोटात असताना त्याची आठवण कशाला येते? श्रावणात प्राची झाली आणि मार्गशीर्षात रजा संपली. पोर नुकती हसायला, हुंकार द्यायला लागली होती. निजून घालवलेला एकेक दिवस आता ज्योतीला परत हवा होता.

होळी झाली आणि बुधवारसुद्धा दुखायला लागले. प्राची आता माणसं ओळखायच्या वयाची झाली होती, आणि तिनं ओळख धरली ती आजीची. एका बुधवारी ज्योतीनं दारात पिशवी टाकून हात पुढे केले, तर पोरीनं तिला नीट निरखून पाहिलं, खालचा ओठ बाहेर काढला आणि ताईबाईंच्या गळ्यात तोंड खुपसलं. ताईबाई ओशाळल्या. उन्हातून आलीस, तोंड लाल झालंय, त्यानं बिचकली असेल, असं काहीतरी म्हणाल्या आणि पोरीला ज्योतीच्या मांडीवर ठेवून मागच्या दारी निघून गेल्या, म्हणजे लेकराला आईवाचून दुसरं कुणी दिसू नये. बऱ्याच वेळानं प्राची तिच्याकडे रुळली, प्यायलीही. पण पिताना तिचे डोळे मागच्या दाराकडे होते. ज्योती हसत राहिली, कारण ती रडली असती तर आईला अपराध्यासारखं झालं असतं. पण तिच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. ही मला विसरते आहे, आणि बोलायला लागायच्या आत पुरती विसरेल.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. खानदेशात बाकीचे सण देवाचे असतील, आखाजी मात्र सासुरवाशिणीची. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके लागतात, घरोघर रसाच्या वाट्या आणि सांजोऱ्यांची ताटं. ज्योतीच्या नशिबी लग्न झाल्यापासून एकही आखाजी नव्हती, कारण ज्या दिवशी खानदेशची लेक माहेरी जाते त्याच दिवशी सारा जिल्हा सोनं घ्यायला बाजारात येतो. आखाजीला सराफाकडे रजा मागणं म्हणजे ऐन पेरणीत शेजाऱ्याचे बैल मागणं.

तरी तिनं मागितली. आठवडाभर आधी ती रविंद्रभाऊंच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. रविंद्रभाऊ दुकानाचे मॅनेजर, माणूस सरळ, पण सणावारी त्यांच्याशी बोलायची सोय नसे. लेक लहान आहे, ती मला ओळखेनाशी झालीय, चार दिवस द्या, बिनपगारी दिलेत तरी चालतील, असं तिनं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बिनपगारी?" ते म्हणाले. "ताई, तेव्हा चांगली तीन-चार महिन्यांची देत होतो, ती तुम्ही नको म्हणालात. आणि आता ऐन आखाजीत चार दिवस मागता?"

ज्योतीला काही उमजेना. रविंद्रभाऊंनाही तिचं न उमजणं उमजेना. शेवटी त्यांनी तिला खुर्चीवर बसवून नीट सांगितलं. पगारी रजा कायद्याची असते, ती द्यावीच लागते. तिच्यापुढची बिनपगारी ही मालकाच्या मर्जीची, आणि मर्जी काही रोज नसते. तेव्हा होती. पौष तोंडावर आला होता, पौषात सोनं कोण घेतं? शेठ आपणहून म्हणाले, तिचं लेकरू तान्हं आहे, राहू दे तिला पाडव्यापर्यंत घरी, जागा राखून ठेवू. शेठची दया आणि पौषाची मंदी एकाच मुहूर्तावर आली होती खरी, पण आली होती. रविंद्रभाऊंनी स्वतः धुळ्याला फोन केला. तो तिच्या वडिलांनी घेतला, सगळं ऐकलं आणि म्हणाले, नको साहेब, पोरगी तारखेला हजर होईल.

सोनारानंच कान टोचावे लागतात म्हणतात, ते असे टोचले गेले. ज्योती काउंटरवर परत आली, पण त्या दिवशी तिनं कुणाला काय दाखवलं ते तिला सांगता यायचं नाही. तो फोन तिला आठवत होता. ती प्राचीला न्हाऊ घालत होती आणि नानांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, बाहेरूनच सांगितलं होतं की दुकानातून विचारत होते, कधी येणार म्हणून, मी सांगून टाकलं. तेवढंच. मग पौष गेला, माघ गेला, फाल्गुन गेला. प्राची पालथी पडली, बसायला लागली, तिला पहिला दात आला. ते सगळे दिवस ज्योतीच्या नावानं बाजूला काढून ठेवलेले होते, आणि तिच्या बापानं ते तिला न विचारता परत पाठवले होते.

पुढच्या बुधवारी धुळ्यापर्यंत ती मनातल्या मनात भांडत गेली. नाना, म्हणजे धनसिंग, घरात नातीची झोळी हलवत बसले होते. ज्योती बसलीदेखील नाही, उभ्या उभ्याच तिनं विचारलं. तिचा आवाज ऐकून ताईबाई आतून आल्या आणि पोर जागी होईल म्हणून तिला झोळीतून उचलून कडेवर घेतलं. नानांनी काही झाकलं नाही. यात झाकण्यासारखं काही आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

"तो बोलना, बिनपगारी रजा," ते म्हणाले. "गिरणीनी बी आमले बिनपगारीच रजा दिन्ही व्हती, बेटा. मंग ते फाटक उघडनंच नही."

नाना ऐन उमेदीत धुळ्याच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. एक दिवस सांगण्यात आलं की कापसाची तंगी आहे, पंधरा दिवस घरी राहा, बिनपगारी रजा समजा. पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचं वर्ष झालं. नाना रोज सकाळी डबा घेऊन फाटकापर्यंत जात, तिथं इतरांबरोबर उभे राहत आणि दुपारी तोच डबा घरी येऊन खात. ज्योती तेव्हा अगदी तान्ही. ताईबाईंनी सव्वा महिना होताच तिला पाठीशी बांधलं आणि लोकांच्या शेतात कापूस वेचून घर चालवलं. पुढे गिरणी मोडीत निघाली, साचे भंगारात गेले, पण तुम्हाला कामावरून काढलं असं नानांना कुणी कधी सांगितलंच नाही. तसं पाहिलं तर ते अजून रजेवरच होते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि नानांनी तर लेकीच्या वाटचं ताक फुंकता फुंकता सांडून टाकलं होतं.

ज्योतीला गिरणीची गोष्ट लहानपणापासून ठाऊक होती. दुसऱ्या कुणाच्या बापाची असती तर तिला कीवही आली असती. त्या दिवशी तिच्याजवळ कीव उरली नव्हती.

"गिरणी तुमनी बंद पडनी, नाना," ती म्हणाली. "मन्ही नही."

नाना झोळीची दोरी ओढत राहिले. झोळी रिकामी आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ताईबाईंनी मध्ये पडून ताट वाढायला घेतलं, पण ज्योती जेवली नाही. लेकीला पाजलं, बाजूला ठेवलं आणि नेहमीच्या आधीची गाडी धरली. पारोळ्यापर्यंत ती रागात होती आणि पारोळा मागे पडल्यावर रडत होती. बापाला बोलून मोकळं होता येतं, पण त्यानं गेलेले दिवस काही माघारी येत नाहीत. शेजारी बसलेल्या बाईनं न विचारता पाण्याची बाटली पुढे केली आणि ती तिनं घेतली.

आखाजीला दुकान सकाळपासून फुललं. लोक खालच्या पायरीपर्यंत उभे होते, पंखे फिरत होते आणि तरी सगळ्यांचे गळे घामानं चिकट झाले होते. दुपार कलताना लताबाईंनी ज्योतीला कोपरानं ढोसलं आणि काचेबाहेर बघायला सांगितलं. रस्त्याच्या पलीकडे उन्हात नाना उभे होते, पांढरी टोपी, धुतलेला सदरा, हातात कापडी पिशवी. दरवान येईल त्याच्यासाठी दार उघडून धरत होता, माणसं आत जात होती, पण नाना जागचे हलत नव्हते. बंद फाटकासमोर उभं राहायची त्यांना सवय होती. उघड्या दाराचं काय करायचं ते सुचत नसावं.

ज्योतीला गिऱ्हाईक सोडता येईना. लताबाईच बाहेर गेल्या आणि त्यांना हाताला धरून आत घेऊन आल्या. प्राचीला काही झालं का, हा एकच विचार ज्योतीच्या मनात आला. पण नाना तिच्याकडे आलेच नाहीत. आतल्या बाजूला शेठ गादीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पेढे देत होते. नाना सरळ तिकडे गेले, टोपी काढून हातात धरली आणि त्यांच्यापुढे उभे राहिले.

"शेठ," ते म्हणाले, "मन्ही पोरले बिनपगारी रजा द्या."

आवाज चढलेला नव्हता, पण ते दोन शब्द उच्चारताना त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली ज्योतीला लांबून दिसली. ज्या रजेनं त्यांचा जन्म खाल्ला, ती आज ते लेकीसाठी हात जोडून मागत होते. तिचा सगळा राग तिथंच विरघळला. पळत जाऊन त्यांचा हात धरावा असं तिला वाटलं, पण समोरच्या बाईंनी पाटल्या चढवल्या होत्या आणि त्या काही केल्या निघत नव्हत्या. डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून ती त्या बाईंच्या मनगटाला साबण लावत राहिली.

रविंद्रभाऊंनी शेठच्या कानाशी लागून सगळी हकिगत सांगितली. शेठ व्यापारी माणूस. आखाजीला दारी आलेल्याला रिकामं पाठवू नये हे त्यांना ठाऊक होतं, आणि आषाढात दुकानात काळं कुत्रं फिरकत नाही हेही ठाऊक होतं.

"आज दिलेलं अक्षय होतं म्हणतात, आबा," ते हसून म्हणाले. "पण रजा अक्षय नको हं. लग्नतिथी उरकल्या की जाऊ दे तिला, घटस्थापनेला हजर पाहिजे."

शेठना गंमत करायची होती. नानांचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. त्यांनी विचारलं, परत बोलवाल ना? शेठ म्हणाले, बोलवू की. नानांनी पुन्हा तेच विचारलं, शेठनी पुन्हा तेच सांगितलं. पुन्हा एकदा विचारल्यावर शेठचं हसू मावळलं. ते गादीवरून उठले, नानांच्या समोर उभे राहिले आणि म्हणाले की मी स्वतः फोन करीन, आणि त्या दिवशी तुमची लेक याच काउंटरवर उभी असेल. तेव्हा कुठं नानांनी टोपी डोक्यावर ठेवली. जाताना पिशवी ज्योतीपुढे ठेवली. आत ताईबाईंनी केलेल्या सांजोऱ्या होत्या. ज्योती काही बोलायच्या आत ते गर्दीतून बाहेर पडले होते.

लग्नतिथी संपल्या आणि रजा सुरू झाली. पगार नव्हता, पण घरखर्चाचं मी बघतो असं ललितनं आधीच सांगून टाकलं होतं, आणि लेकीला आणायला तोही धुळ्याला आला. ताईबाईंनी प्राचीची झबली, दुपटी, गुटीची उगाळायची सहाण, सगळं धुऊनपुसून बांधून दिलं. गाडीवर सोडायला नाना आले आणि खिडकीशी उभे राहून त्यांनी एवढंच विचारून घेतलं की यंदा घटस्थापना कधी आहे. ताईबाई आल्या नाहीत. म्हशीला पाणी दाखवायचंय म्हणाल्या.

जळगावच्या खोल्या ज्योतीनं घासून लख्ख केल्या होत्या, खालच्या फळ्यांवरचं सगळं वर चढवलं होतं. काउंटरवर उभं राहून तिनं कितीदा हे मनात पाहिलं होतं, आपल्या घरात, आपल्या फरशीवर रांगणारी आपली लेक. प्राची रांगली, पण दाराकडे. जिन्यात बांगड्या वाजल्या की ती थबकायची, मान वर करायची, आणि वरच्या मजल्यावरची शेजारीण दिसली की तिचं तोंड पडायचं. खिचडी जिभेनं बाहेर ढकलायची. ज्योतीनं पदराखाली घेतलं की तेवढ्यापुरती निवायची, पण जाग आली की पुन्हा रांगत दाराशी. रडायची नाही फार. रडली असती तर समजूत तरी घातली असती. पोर वाट बघत होती, आणि वाट बघणं कसं दिसतं हे ज्योतीला कुणी शिकवायला नको होतं. हवी हवी म्हणून जिच्यासाठी ती झुरली ती मांडीवर होती, आणि तिच्याच मांडीवर बसून दुसऱ्या कुणासाठी झुरत होती.

न राहवून एका दुपारी तिनं आईला फोन लावला आणि तो प्राचीच्या कानाशी धरला. तिकडून ताईबाई बोलायला लागल्या, नेहमीचंच काहीबाही, जेवलीस का, निजलीस का, चिमणी आली का. पोरीनं फोन दोन्ही हातांनी धरला आणि मोठा हुंकार दिला. मग तिकडचा आवाज थांबला. ज्योतीनं फोन घेऊन हाक मारली, तरी थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. माय पदर तोंडाला लावून रडते आहे हे तिला कळलं. दहा महिने जिच्या अंगाखांद्यावर लेकरू होतं तिच्या घरात आता झोळीचा दोर नुसता लोंबत असेल, हा विचार तिला आजवर शिवला नव्हता. तिनं आईला म्हटलं, तूच ये इकडे, महिनाभर ये, दोन महिने ये.

"माले कोन रजा देई वं माय?" ताईबाई म्हणाल्या.

तक्रार म्हणून म्हणाल्या नाहीत, खरंच विचारल्यासारखं म्हणाल्या. दारात म्हैस, नानांच्या दोन वेळच्या भाकरी, निंदणीचे दिवस. पगारी रजा तिला ठाऊक होती, बिनपगारी ठाऊक होती, कायद्याची कोणती आणि मर्जीची कोणती हे तर आता तिनं दुकानातल्या सगळ्या पोरींना समजावून सांगितलं होतं. पण जन्मभर बिनपगारी राबलेल्या बाईनं रजा मागायची कुणाकडे? तिला पाठीशी बांधून कापूस वेचणाऱ्या तरण्या ताईबाई तिच्या डोळ्यांपुढे आल्या, आणि तिला फार वाईट वाटलं. ती फोन कानाशी धरून बसून राहिली. फोन दोघींनीही ठेवला नाही, शेवटी प्राचीनंच तो ओढून घेतला.

संध्याकाळी ललित आला तेव्हा तिनं चाचरतच विषय काढला. इतकी धडपड करून लेक घरी आणली आणि आता परत धुळ्याला जायचं म्हणते, हे तिचं तिलाच विचित्र वाटत होतं. ललितनं प्राचीला पोटावर घेतलं आणि म्हणाला, रजा तुझी आहे, ती कुठं काढायची ते कुणी लिहून दिलंय का? जा तू. गाडी धरायची पाळी आता माझी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेकी धुळ्यात उतरल्या. ज्योतीनं कळवलं नव्हतं. ताईबाई दारातच होत्या, हाताला पीठ, आणि दोघींना बघून त्या तशाच उभ्या राहिल्या. प्राचीनं ज्योतीच्या कडेवरून अंग पुढे फेकलं. ज्योतीला ते लागलं, पण तिनं हात सैल सोडले आणि पोर आजीकडे जाऊ दिली. ताईबाईंनी तिला पिठाच्या हातांनीच आवळून धरलं, तिच्या मानेत तोंड घातलं आणि त्या आत वळल्या.

ज्योती उंबऱ्याबाहेर चपला काढायला वाकली. चपलेचा पट्टा निघेना. तिनं वर पाहिलं तेव्हा प्राची आजीच्या खांद्यावरून मान वळवून मागे बघत होती. तिनं एक हात ज्योतीकडे लांब केला होता, आणि ज्योती आत येईपर्यंत तो खाली घेतला नाही.